माकडतापाच्या गावांत गुरांचा डॉक्टर आरोग्य पथकात हवा: तुमचं मत काय?

सह्याद्रीपायथा (धागाकर्ती)

सिंधुदुर्गातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी होते. माकडतापाच्या हंगामात तिथे जे पाहिलं त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलाजवळ माणसं तापाने आजारी पडू लागली. त्याच वेळी जंगलात माकडं मरून पडत होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही) शास्त्रज्ञ तिथे पोचले ते मुळात मेलेल्या माकडांमुळे. सुरुवातीला पीतज्वराची शंका होती, कारण तोही माकडांना मारतो. निघाला वेगळाच, गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू. पुढे अनेक दशकं तो कर्नाटकातच आहे असं आपण धरून चाललो. मग २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीतलं पाली गाव, २०१६ मध्ये आमच्या सिंधुदुर्गातला दोडामार्ग तालुका, २०१७ मध्ये बांदा परिसर. अचानक भरणारा जोराचा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग मोडून येणं, काहींना रक्तस्राव. शंभर रुग्णांमागे साधारण तीन ते पाच दगावतात. माणसाकडून माणसाला होत नाही. विषाणूवर थेट चालणारं औषध नाही.

आता गोचिडीचं बघा. तिची बारीक पिल्लं माकडाला चावतात, उंदराला चावतात आणि पाचोळ्यात बसलेल्या माणसालाही चावतात. मोठी झालेली गोचीड गुरांवर चढते. गुरं या विषाणूने आजारी पडत नाहीत आणि माणसाला तो त्यांच्याकडून थेट येतही नाही, पण गुरांच्या रक्तावर पोसलेली एकेक मादी हजारो अंडी घालते. म्हणजे पुढच्या हंगामाची गोचीड गोठ्यातून आणि चराईच्या रानातून तयार होते. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून नवा आसरा शोधतात. ती जागा त्या दिवसापासून धोक्याची.

माकड वन खात्याचं, गाय पशुसंवर्धनची, माणूस आरोग्याचा. तिन्ही खात्यांचे कागद वेगवेगळ्या टेबलांवर फिरतात. माझ्या केंद्रात तापाचा रुग्ण आल्यानंतर कळायचं की त्याच वाडीच्या वरच्या रानात माकड मेलं होतं. ही बातमी गुराख्याला ठाऊक, वनरक्षकाला ठाऊक, आरोग्य केंद्राला मात्र नाही.

माझी मागणी साधी आहे. बाधित गावांत नोव्हेंबर ते मे पशुधन विकास अधिकारी (सरकारी पशुवैद्यक) आणि वनरक्षक आरोग्य पथकाचे कायमचे सदस्य असावेत, निमंत्रित पाहुणे म्हणून नव्हे, आणि पथकाची दर आठवड्याला बैठक व्हावी. मेलेल्या माकडाची खबर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पोचलीच पाहिजे. गुरांवर गोचीड कुठल्या वाडीत जास्त आहे, ही नोंद आशाताईंच्या हातात असली पाहिजे. याला विरोध असेल तर का, ते लिहा.

अतिदक्षता

विरोध आहे. मी फिजिशियन आहे, असे रुग्ण रेफर होऊन माझ्याकडे येतात. डॉक्टर, तुम्ही विज्ञान बरोबर मांडलंत, पण पैसा आणि माणसं मर्यादित आहेत हे तुमच्या मांडणीत कुठेच नाही.

माझ्यासमोर प्लेटलेट उतरलेला, नाकातून रक्त येणारा काजू-मजूर असतो. त्याला वेळेवर खाट, सलाईन, रक्तघटक आणि डोळ्यांत तेल घालून बघणारी परिचारिका लागते. यातल्या एकेका गोष्टीसाठी झगडावं लागतं. पहिल्या काही दिवसांत आरटीपीसीआर (रक्तात विषाणू शोधणारी) आणि नंतर आयजीएम (विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी) ही तपासणी जिल्ह्यातच त्वरित व्हावी, हे माझ्या लेखी पहिलं काम. दुसरं काम लस. फॉर्मेलिनने निष्क्रिय केलेली जुनी लस वर्षानुवर्षं वापरली गेली, पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागत आणि तरी संरक्षण अपुरं पडे. तिचा वापर थांबवावा लागला. चांगली लस आली तर तुमच्या बैठकांची गरजच उरणार नाही.

‘वन हेल्थ’ (माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र बघणं) या नावाखाली होणाऱ्या कार्यशाळा मी पाहिल्या आहेत. ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. संस्था व्हावी, जरूर व्हावी. पण तिचा उपयोग बांद्याच्या रुग्णाला कधी होणार, हे विचारण्याचा मला हक्क आहे.

श्रेणीदोन

मी पशुवैद्यक. माझाही या प्रस्तावाला विरोध, पण कारण वेगळं.

आमच्या दवाखान्याकडे किती गावं असतात, ते आधी बघा. लाळ्या-खुरकूत लसीकरण, लम्पीचं लसीकरण, कृत्रिम रेतनाचं उद्दिष्ट, कानातले बिल्ले, पंचनामे. त्यात पदं रिकामी. आता आरोग्य पथकाचे ‘कायम सदस्य’ व्हा म्हणता. मेलेल्या माकडाचं शवविच्छेदन कोण करणार? आम्हीच ना? २०१२ मध्ये कर्नाटकातल्या बांदीपूरच्या जंगलात माकडांच्या मृतदेहांशी संबंध आलेले लोकच या तापाने आजारी पडले होते. संरक्षक पोशाख, अंगाला लावायचं गोचीडरोधक तेल, नंतर तापाची तपासणी, यातलं काय मिळेल हे कुठल्याही परिपत्रकात आधी लिहा.

आणि सहकार्य एकाच बाजूने मागितलं जातं, याचा मला राग आहे. ब्रुसेलोसिस घ्या, ब्रुसेला या जंतूमुळे गुरांकडून माणसाला होणारा आजार. गाभण गाय गाभ टाकते, आम्ही वार काढतो, त्यातून जंतू आमच्या अंगात. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना जी लस टोचतो तिच्यात जिवंत जंतू असतात. सुई चुकून स्वतःला लागली तर तोही धोका. माझ्या एका सहकाऱ्याला महिनोन्‌महिने ताप येत-जात होता. संध्याकाळी घाम, कंबरदुखी, सांधे धरलेले. टायफॉइड म्हणून उपचार झाले, मग क्षयाची शंका आली. एकाही डॉक्टरने विचारलं नाही की बाबा तू काम काय करतोस. शेवटी ब्रुसेलोसिसची ‘रोज बेंगाल’ नावाची रक्तचाचणी त्याने स्वतःच मागून घेतली. दोन प्रतिजैविकं सहा आठवडे घेतल्यावर माणूस उभा राहिला. दूध न उकळता पिणारी आणि गोठ्यात राबणारी माणसं हाच ताप घेऊन किती दवाखाने फिरत असतील?

आम्हाला तुमच्या बैठकीत बोलावण्याआधी तुमच्या केसपेपरवर एक ओळ टाका: गुरं, कोंबड्या, रान यांच्याशी रोजचा संबंध आहे का?

सह्याद्रीपायथा

श्रेणीदोन, केसपेपरची ओळ मला पूर्ण मान्य. पोशाख आणि तेलाचं म्हणणंही रास्त आहे, ते मागणीतच हवं. पण यातून निघतं ते माझ्याच बाजूचं. तुमच्या सहकाऱ्याचा तालुक्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी कामाचा रोजचा संबंध असता तर ब्रुसेलाचं नाव पहिल्या आठवड्यात निघालं असतं.

अतिदक्षता सर, तुमच्या खाटा आणि तपासणी यांच्या आड मी येत नाही. पण चांगली लस येईपर्यंतचे हंगाम आम्ही काय करायचं?

काजूबाग

बाग आमची आहे, गुरंही आहेत. डॉक्टरलोकांच्या वादात आमचं कोणी विचारत नाही म्हणून लिहिते.

काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. तापाचाही तोच. ‘रानात जाऊ नका’ असं कोणी सांगितलं की मला समजत नाही आम्ही खायचं काय. पातेरा (पाचोळा) गोळा करायचा नाही, तर तरव्याची भाजावळ (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं) कशाने करायची? आणि गुरांच्या गोचिडीचं म्हणाल तर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं की लेबलावर लिहिलेले तेवढे दिवस दूध विकता येत नाही. घरात दोन दुभत्या गायी असलेल्या बाईने ते दूध ओतून टाकायचं का? ती इंजेक्शन घेणारच नाही. घेतलं तरी सांगणार नाही आणि दूध डेअरीला घालेल. अंगावर ओतायची औषधं येतात ती दुभत्या गुरांना चालतात म्हणे, पण सरकारी दवाखान्यात मागितली की संपलेली असतात.

केलडी (माकडं) मेलेली दिसली तर आमची माणसं सांगायला कचरतात. गावाचं नाव पेपरात आलं की काजू वेचायला मजूर मिळत नाही. पथकात कोण बसणार यावर तुम्ही भांडताय. खबर देणाऱ्याचं नुकसान होणार नाही, हे कोण बघणार?

नवापूरकर

काजूबाग ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आम्ही २००६ मध्ये भोगला आहे. फेब्रुवारीत आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. भोपाळच्या प्रयोगशाळेने नक्की केलं आणि परिसरातल्या सगळ्या कोंबड्या मारल्या. पुढे राज्यभर लोकांनी चिकन-अंडी खाणं सोडलं. ज्यांच्याकडे एकही पक्षी आजारी नव्हता तेही बुडाले.

तरी मी सहकार्याच्या बाजूने आहे. त्या वेळी कोंबड्या मारणारी पथकं पशुसंवर्धनची होती, त्यांना टॅमिफ्लू या फ्लूविरोधी औषधाच्या गोळ्या देऊन ताप तपासणारे लोक आरोग्य खात्याचे होते. एकाही माणसाला लागण झाली नाही. पशुवैद्यकांनी एकट्याने ते केलं असतं तर मला झोप लागली नसती. पण भरपाई हातात पडायची खात्री नसेल तर कुक्कुटपालक मेलेली कोंबडी रात्रीत खड्ड्यात पुरेल. २००९ चा प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा खबर देणं बंधनकारक करतो. तेवढ्याने कोणी खबर देत नाही.

सत्तरीतून

गोव्यातलं उदाहरण कोणी दिलं नाही, म्हणून. २०१३ पासून इथे कुत्र्यांच्या रेबीज लसीकरणाची मोहीम चालू आहे. स्वयंसेवी संस्था आणि राज्याचं पशुसंवर्धन खातं एकत्र. वर्षाला पाऊण लाखाहून जास्त कुत्र्यांना लस, शाळांतून मुलांना शिक्षण, आणि संशयित कुत्रा दिसला की फोन करायची सोय. कुत्रा रेबीजचा निघाला तर तो ज्यांना चावला त्यांना शोधून इंजेक्शनं. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी खाली आला आणि २०१८ पासून काही वर्षं इथे माणूस रेबीजने दगावला नाही. २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. माणसांचे जीव वाचवणारं काम कुत्र्यांना सुई टोचणाऱ्यांनी केलं. अतिदक्षता सर, यात अतिदक्षता विभागाचा काहीच वाटा नव्हता, कारण रेबीजची लक्षणं दिसल्यावर तिथे करण्यासारखं जवळजवळ काही उरतच नाही.

अतिदक्षता

मुद्दा पोचला. पण दोन फरक लक्षात घ्या. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा, आणि त्या मोहिमेत बाहेरून मदत आली. एकट्या सिंधुदुर्गाचं क्षेत्र त्याहून मोठं आहे. दुसरं, कुत्र्याला लस देता येते. रानातल्या वानराला आणि उंदराला कोण देणार? रेबीजचं यश माकडतापाच्या खात्यावर जमा करता येत नाही.

केसपेपरवरची ओळ मात्र मी उद्यापासून माझ्या ओपीडीत सुरू करतो. त्याला ना निधी लागतो ना परिपत्रक. तापाच्या प्रत्येक रुग्णाला काम विचारायचं, गुरं विचारायची, रानात कधी गेला होता ते विचारायचं. हे आम्ही आधीपासून करायला हवं होतं यावर दुमत नाही. साप्ताहिक बैठकीला माझा विरोध कायम आहे.

श्रेणीदोन

बैठक नकोच, मलाही नको. मेलेल्या माकडाची खबर वनरक्षकाने एकाच वेळी मला आणि वैद्यकीय अधिकाऱ्याला फोनवर द्यावी. ठिकाण आणि वेळ, बस. मी नमुना घेऊन एनआयव्हीला पाठवीन. डॉक्टर त्याच दिवशी आशाताईंना सांगतील की त्या जागेच्या आसपास कोणी पातेरा उचलू नये, गुरं तिकडे सोडू नयेत. निकाल येईपर्यंत थांबायचं नाही. कोण कोणाच्या पथकात, हे त्यानंतर ठरवा.

सह्याद्रीपायथा

फोनची साखळी चालेल, पण ती आदेश म्हणून हवी. आज ती ओळखीवर चालते. वनरक्षक आणि डॉक्टर दोघेही चांगले असले तर खबर येते, बदली झाली की बंद. म्हणूनच मी ‘सदस्य’ म्हणते आहे. जबाबदारी नावानिशी लिहिलेली नसेल तर पुढच्या डिसेंबरात पुन्हा रुग्ण आल्यावरच माकडाचं कळेल.

काजूबाग

आदेश काढा, साखळी करा, सगळं करा. त्यात दोन ओळी आमच्यासाठी घाला. गोचिडीचं औषध दिल्यावर दूध बंद ठेवायच्या दिवसांचे पैसे, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी, नोव्हेंबरातच, वाडीवाडीत अंगाला लावायचं तेल. गेल्या हंगामात ते आलं तेव्हा आमचा निम्मा काजू वेचून झाला होता.