मदत हवी आहे: बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला टाकून बसले
काल उत्साहाच्या भरात बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला टाकला, नावावर अंगठा ठेवलेला म्हणजे आपण किती हुशार, पण पीएनआर आणि बारकोड चक्क दिसत होते. भाची म्हणाली बारकोड स्कॅन केला की नाव पण निघतं, आणि पीएनआर न् आडनाव मिळालं की साइटवर बुकिंग उघडतं. माझंच उघडून दाखवलं तिने, परतीची तारीख वगैरे सगळं समोर! स्टेटस लगेच उडवलं पण तोवर ४२ जणांनी पाहिलेलं (त्यातले निम्मे कोण तेच आठवत नाही), कोणी स्क्रीनशॉट काढला असेल तर कळतही नाही ना. परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर आहे. एअरलाइनला सांगून तो बदलून मिळतो का, की तिकीट रद्दच करू? कोणी केलंय का असं?