मदत हवी आहे: शिडाच्या छोट्या होडीचा बूम (शिडाखालचा आडवा दांडा) वर कशाने धरून ठेवावा?

नमस्कार मंडळी. आम्ही जिंतूरकडचे. येलदरीच्या जलाशयात चालवायला मुंबईहून 16 फुटी जुनी फायबरची होडी आणलीय. परवानगीची कागदपत्रं व्हायचीत, तोवर काठावर जुळवाजुळव चाललीय. इकडे वल्ह्याच्या होड्या चालवणारे भोई आहेत, पण शिडातलं जाणणारं कुणी नाही.

शीड उभं असेपर्यंत बूम त्याच्या आधाराने राहतो. शीड उतरवायला दोर सोडला की बूमचं मागचं टोक धाडकन खाली येतं, आणि नेमका तिथेच माझा 12 वर्षांचा पुतण्या बसणार आहे. त्याच्या डोक्याचीच धास्ती वाटते. वळवाच्या दिवसांत आमच्याकडे दुपारनंतर एकाएकी वावधान सुटतं, तेव्हा शीड घाईत उतरवावं लागणारच.

डोलकाठीच्या मागच्या ताणतारेला हातभर तार आणि आकडा आहे. विकणारा म्हणाला, बूम याला अडकवा. मग अडकवूनच शीड चढवायचं का? की शेंड्यावरून वेगळी दोरी घ्यावी? नायलॉनची चालेल का? बाजारात तीच मिळते.

प्रतिसाद

दादा, तो आकडा होडी उभी असतानाच वापरायचा. शीड चढवलं की लगेच सोडा. बूम अडकलेला राहिला तर झोत आल्यावर मेनशीट (बूमला आवरून धरणारी दोरी) कितीही सैल सोडा, बूम बाहेर जात नाही, शिडातला वारा निघत नाही आणि होडी कलंडते. वावधानात तर फारच धोक्याचं.

शेंड्यावरून दोरीच घ्या. तिला टॉपिंग लिफ्ट म्हणतात. तुमच्या होडीला 5-6 मिमीची पॉलिस्टर पुरे. नायलॉन भाराने ताणतं आणि बूम हळूहळू खाली येतो. बूमच्या टोकाच्या कप्पीतून ती पुढे आणून क्लीटला (दोरी अडकवायच्या खुंटीला) बांधा, म्हणजे बसल्या जागी हाताशी येईल. चालवताना थोडी ढिली ठेवा, बूमचं वजन शिडानेच पेललं पाहिजे. उतरवताना आधी ती आवळा, होडीचं नाक वाऱ्याकडे करा, मग शीड खाली घ्या आणि लगेच मेनशीट आवळा, नाहीतर बूम झुलत राहतो.

ही दोरी बूमला खाली पडू देत नाही, आडवा फिरायचा तो फिरतोच. मागून वारा असताना पुतण्याला खाली वाकून बसायची सवय लावा.

आणि एक, जलाशयाच्या काठाने शेतीच्या मोटारींच्या विजेच्या तारा असतात. ॲल्युमिनियमची डोलकाठी उभी करण्याआधी वर बघा, उभी असताना होडी ढकलत नेऊ नका.

धागाकर्ता

फार आभार. आकड्याचं कळलं नसतं तर अनर्थ झाला असता. शेंड्यावर एक रिकामी कडी दिसतेय, दोरी तिलाच बांधू का?

प्रतिसाद

कडी घट्ट आहे ना, बघा. बांधल्यावर बूमच्या टोकाला वाळूचं पोतं टांगून तपासा.