बिली वायल्डरसमोर आपले गुरुदत्त टिकतात का?

मॅटिनी_शो:
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. हॉलिवूडचा दिग्दर्शक वायल्डर, त्याचे डबल इंडेम्निटी, सनसेट बुलेवार्ड, द अपार्टमेंट परत बघितले आणि लगेच गुरुदत्तचा प्यासा लावला. प्यासा आवडतोच, पण जॉनी वॉकरची तेलमालिश सुरू झाली की पिक्चर सुट्टीवर जातो. उलट अपार्टमेंटमधला तो तडा गेलेला छोटा आरसा बघा, एका शब्दाशिवाय हिरोला कळतं की आपली आवडती मुलगी साहेबाच्या भानगडीत आहे. असली घट्ट पटकथा आपल्याकडे कुणालाच जमली नाही, आपले लोक गाण्यांचे बादशहा, बास.

निशाचर:
साफ असहमत. गाणं वेगळं आणि दिग्दर्शन वेगळं असं तुम्ही धरलंत तिथेच गाडी रुळावरून उतरली. कागज के फूलमधलं 'वक्त ने किया' घ्या, कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी आरसे लावून स्टुडिओत उन्हाचा झोत आणला आणि नायक-नायिकेचं अख्खं नातं तिथेच बोलून संपतं, तेही दोघं तोंड न उघडता. आणि पुरावाच हवा तर गाईड. तीच आर. के. नारायणांची कादंबरी, तेच देव-वहिदा, इंग्रजी आवृत्ती अमेरिकन दिग्दर्शकाने केली ती कुणाला आठवतही नाही, आणि विजय आनंदची हिंदी लोक अजून बघतात.

मॅटिनी_शो:
अहो तो इंग्रजी गाईडवाला डॅनिएलेव्स्की म्हणजे काय हिचकॉक आहे का? पहिल्या फळीतला माणूस आणा की समोर.

कोल्हापूरकर:
तुमचं सगळं 1950 च्या पुढचंच चाललंय. शांतारामबापूंचा 1937 चा कुंकू बघा राव, पार्श्वसंगीत नाहीच, प्रसंगात जे वाजतं तेवढंच ऐकू येतं. आणि म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली पोरगी सरळ सांगते की मी नांदणार नाही. त्याच वर्षी हॉलिवूडमध्ये हेज कोडमुळे, म्हणजे तिथल्या सेन्सॉरच्या नियमांमुळे, नवराबायकोला एका पलंगावर दाखवायची चोरी!

तिकीटखिडकी:
पैशाचं कुणी बोलतच नाहीये. वायल्डरला पॅरामाउंट स्टुडिओचा पगार, जोडीला ब्रॅकेटसारखा लेखक. इकडे युद्धानंतर स्टुडिओ बसले, दिग्दर्शक स्वतःच निर्माता, आणि वितरकाला गाणी आणि कॉमेडी हवीच. 1959 ला कागज के फूल आपटला आणि गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून परत नावच लावलं नाही.

मॅटिनी_शो:
ही सबब झाली. ऑर्सन वेल्सच्या अँबरसन्स सिनेमाची आरकेओ स्टुडिओने चाळीसेक मिनिटं कापली, शेवट दुसऱ्याकडून शूट करून घेतला, तरी उरलंय ते बघत राहावंसं वाटतं. मी पडद्यावर दिसतं तेवढंच मोजतो.

निशाचर:
बरं, पडद्यावरचंच बोलू. जॉन फोर्डचा द सर्चर्स, 1956. ऐन लग्नात दोघांची विनोदी मारामारी, आणि ती रेड इंडियन बायको, लुक, तिला लाथ मारून उतारावरून गडगडत पाठवतात ते म्हणे हसायला. तिथे तुम्ही 'फोर्डची शैली' म्हणणार आणि जॉनी वॉकर आला की ठिगळ? आणि प्यासाच्या हिरोला, विजयला, वेड्यांच्या इस्पितळातून बाहेर कोण काढतो? तोच मालिशवाला सत्तार, म्हणजे जॉनी वॉकर. काढून बघा त्याला, गोष्ट अडते की नाही.

मॅटिनी_शो:
सत्तार राहू द्या की, गाणं काढा म्हणतोय मी. गाणं काढलं तरी तो इस्पितळात पोचतोच.

कोल्हापूरकर:
पोचेल, पण तोवर तो कोण होता हे पब्लिक विसरलेलं असेल ना भाऊ! गाण्यामुळेच तर चेहरा डोक्यात बसतो.

मॅटिनी_शो:
वायल्डर ते काम दोन वाक्यांत करतो. चला, आता बिमलदांचा मधुमती घेऊ, पुनर्जन्म काढला तर पटकथेत काय उरतं ते सांगा.