अनुभव धागा : विद्यापीठातील लेखनाची रीत आपल्याला केव्हा उमगली?

शाईचा डाग
काल जुने कागद आवरताना पदव्युत्तर पहिल्या वर्षाचा माझा निबंध हाती लागला. समासात पेन्सिलीने चार ठिकाणी एकच प्रश्न लिहिलेला होता : ‘कशावरून?’ ‘अनादी काळापासून मानवाला शिक्षणाचे महत्त्व पटलेले आहे’ हे वाक्य मला तेव्हा भारदस्त वाटले होते. परंतु हे कोणी म्हटले, कोणत्या आधारावर म्हटले आणि ते खोडायचे झाल्यास कसे खोडावे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. शाळेत असल्याच वाक्यांना शाबासकी मिळत असे, त्यामुळे चूक नेमकी कुठे झाली हे समजायला मला दोन सत्रे लागली. आपले अनुभव अवश्य लिहावेत.

रिकामी वही
माझी सगळी अडचण ‘मी’ या एका शब्दाने केली. तो लिहायचाच नाही असे वरच्या वर्गातील मुलांनी बजावले होते, म्हणून मी प्रकल्पभर ‘निरीक्षण करण्यात आले’, ‘नमुने गोळा करण्यात आले’ असेच लिहिले. तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न आला : नमुने तुम्ही गोळा केलेत की प्रयोगशाळेत आधीपासून होते? माझ्या वाक्यांवरून ते कळण्याची सोयच नव्हती.

दुपारची चाळीशी
@रिकामी वही, वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांचा डीएनएच्या रचनेवरील १९५३ चा लेख अवश्य पाहा. तो जेमतेम एका पानाचा आहे आणि त्याची सुरुवातच ‘आम्ही’ने होते. मला अधिक मोलाचे वाटते ते त्यांचे क्रियापद : आपण ही रचना ‘सुचवू इच्छितो’ असे ते म्हणतात. विषयानुसार प्रथा बदलतात हे खरे, त्यामुळे मार्गदर्शकांना एकदा विचारून घेणे उत्तम.

रिकामी वही
मनापासून आभार. आज रात्रीच वाचतो.

काठावरची टीप
क्रियापदावरून आठवले. चाळीस विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीवरून मी ‘हे सिद्ध होते’ असे लिहिले होते. बाईंनी ‘सिद्ध’ खोडून ‘सूचित’ केले. मला ते माघार घेतल्यासारखे वाटले आणि मी वादही घातला. त्यांनी एवढेच विचारले की, उद्या आणखी चाळीस जण वेगळे बोलले, तर तुझे वाक्य टिकेल का? तेव्हापासून ‘दर्शवते’, ‘सूचित करते’, ‘शक्यता दिसते’ या शब्दांची उतरंड मी जपून वापरते. मात्र प्रत्येक वाक्यात ‘कदाचित’ घालणाऱ्या विद्यार्थ्यांचे लेखनही मी आता तपासते, आणि त्यांनी नेमके काय शोधले हे अखेरपर्यंत कळत नाही.

निळी फाइल
माझा अनुभव सांगताना अजूनही संकोच वाटतो, तरी नव्या विद्यार्थ्यांसाठी लिहितो. वाचता वाचता मी टिपणे काढत असे. आवडलेले वाक्य जसेच्या तसे उतरवून घेत असे, पण अवतरणचिन्हे किंवा पृष्ठक्रमांक लिहीत नसे. चार महिन्यांनी वही उघडली तेव्हा त्यातले माझे कोणते आणि दुसऱ्याचे कोणते, हे मलाच ओळखता येईना. तीन वाक्ये तशीच प्रबंधिकेत गेली आणि मार्गदर्शकांनी ती ओळखली. चोरीचा हेतू नव्हता, पण वाचणाऱ्याला हेतू दिसत नाही, पान दिसते. नंतर मी पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहू लागलो, मग मूळ मजकुराशी ताडून पाहू लागलो. आणि शब्द बदलले तरी विचार दुसऱ्याचा असल्यास संदर्भ द्यावाच लागतो, हे तेव्हा पहिल्यांदा नीट कळले.

शाईचा डाग
निळी फाइल, हे इतक्या मोकळेपणाने लिहिल्याबद्दल आभार. माझ्याही वहीची तीच अवस्था होती.

तिसरा मजला
संदर्भांच्या स्वल्पविरामांनी मात्र माझा जीव नकोसा केला. संदर्भ कसे लिहावेत याचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या पहिल्या सूचना १९२९ मध्ये अवघ्या सात पानांत छापल्या गेल्या होत्या. आजच्या नियमपुस्तिकेची पाने चारशेच्या वर आहेत.

दुपारची चाळीशी
शोधलेखांचे साचेही असेच हळूहळू घडत गेले. लंडनमध्ये १६६५ साली सुरू झालेल्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ या विज्ञानविषयक नियतकालिकातील कितीतरी जुने वृत्तान्त चक्क पत्रांच्या रूपात आहेत. प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती, चर्चा हा क्रम विज्ञानात सर्वत्र रुळला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

पहिले सत्र
मी सध्या पहिल्याच सत्रात आहे. शोधलेख तीन तीन वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाहीत. सगळ्यांना असेच होते का?

काठावरची टीप
होते, आणि बराच काळ होते. पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत ओळीने वाचू नकोस. आधी सारांश, मग प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, कारण लेखाचा प्रश्न बहुधा तिथे असतो. त्यानंतर तक्ते आणि चर्चा. पद्धतीकडे सर्वांत शेवटी वळ, पण ती वगळू नकोस. कोणता विषय घेतला आहेस?

पहिले सत्र
समाजशास्त्र. पुढच्या आठवड्यात पहिला निबंध द्यायचा आहे. सुरुवात ‘अनादी काळापासून’नेच केली होती, आता ती काढते.