ट्रेनरनंतरचे विमान: सुखोई बांधावे की एचटी-२?

पाथर्डीफाटा

मंचावरील सर्वांना नमस्कार. गेले दीड वर्ष मी स्वतः बांधलेले, रिमोटने उडणारे, वर पंख असलेले ट्रेनर (शिकाऊ मॉडेल विमान) उडवत आहे. पंखविस्तार १२० सेंमी, पंखाची रुंदी सर्वत्र २० सेंमी, पंखाचा छेद क्लार्क-वाय (खालून जवळपास सपाट), आणि बॅटरीसह वजन ९०० ग्रॅम. २२१२ ची १००० केव्ही (एका व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) मोटर, १० × ४.५ इंचांचा प्रॉप (पंखा), ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग-नियंत्रक), नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि तीन सेलची २२०० एमएएच लायपो बॅटरी, असा संच आहे. विमान आता इतके अंगवळणी पडले आहे की ते उडवताना माझे लक्ष कडेच्या कांद्याच्या चाळीकडेही जाते. म्हणून पुढचे विमान बांधायचे ठरवले आहे.

वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते आणि सुखोईचा आवाज ऐकत मोठा झालो, त्यामुळे पहिला विचार साहजिकच फोमच्या सुखोई-३० चा आला. दुसरा विचार एचटी-२ या खाली पंख असलेल्या जुन्या प्रशिक्षण विमानाचा आहे, कारण आपल्याकडे रचलेल्या त्या विमानाची प्रतिकृती फारशी कोणी बांधलेली मी पाहिलेली नाही. शक्यतो हाच इलेक्ट्रॉनिक संच वापरायचा आहे, विमान गाडीच्या डिकीत मावले पाहिजे, आणि उतरवायला डांबरी पट्टी नसून नांगरलेल्या शेताच्या कडेचा माळ आहे. या परिस्थितीत कोणता आराखडा निवडावा आणि कागदावर काय काय तपासून घ्यावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

बाल्साकाका

आपण सगळी मापे दिलीत, त्यामुळे नेमके बोलता येईल. आधी एक छोटी दुरुस्ती: एचटी-२ आपल्याकडचे, म्हणजे भारतातले असले तरी ते ओझरचे विमान नव्हे. डॉ. वि. मा. घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली ते बेंगळुरूत घडले आणि १९५१ मध्ये पहिल्यांदा उडाले. ओझरचा कारखाना पुढे १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. अर्थात त्यामुळे आपल्या निवडीला काही बाध येत नाही.

सुखोई आत्ता करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण वेग हे नाही. फोमची ती विमाने वजनाने हलकीच असतात. अडचण दिसण्याची आहे. सत्तर सेंमी रुंदीचा करडा त्रिकोण दीडशे मीटरवर ढगाळ आकाशासमोर गेला की तो आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे हे कळेनासे होते, आणि कळेपर्यंत तो जमिनीवर असतो. शिवाय त्याचा प्रॉप धडाच्या मध्यावर खाचेत फिरतो. हाताने फेकताना बोटे त्याच्या किती जवळ असतात हे एकदा मोटर बंद ठेवून धरून पाहा.

आता एचटी-२. मूळ पंखविस्तार सुमारे १०.७ मीटर आणि पंखाचे क्षेत्रफळ साधारण १६ चौ. मी. आहे. एक-अष्टमांश प्रमाण धरले तर विस्तार १३४ सेंमी आणि क्षेत्रफळ २५ चौ. डेसिमीटर येते, म्हणजे आपल्या ट्रेनरच्या २४ पेक्षा जेमतेम जास्त. सगळा प्रश्न वजनाचा आहे. आपले ट्रेनर प्रत्येक चौ. डेसिमीटरला ३७.५ ग्रॅम वाहते. नवे विमान ११०० ग्रॅममध्ये बसले तर हा भार ४४ होतो, आणि १४०० वर गेले तर ५६. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. ३५ अंशांच्या दुपारी इथली हवा पुस्तकातल्या प्रमाण हवेपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ असते. ते धरून हिशेब केला तर आपले ट्रेनर ताशी २८ किमीच्या आसपास स्टॉल होत असेल (म्हणजे त्याहून हळू गेले की पंखाची उचल सुटते), ११०० ग्रॅमचे विमान ३१ ला आणि १४०० ग्रॅमचे ३५ ला होईल. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण ढेकळांच्या माळावर लँडिंग गिअर (चाके आणि त्यांचे पाय) राहणार की जाणार हे त्यावरच ठरते. आपल्या मोटरचा जोर ८०० ग्रॅमच्या आसपास असेल, तो ११०० ला भरपूर आहे. म्हणून ११०० ही मर्यादा आराखड्याच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहून मगच पट्टी हातात घ्यावी.

पंख टोकाकडे निमुळता करण्याचा मोह होईल. मुळाशी २२ आणि टोकाशी साडेपंधरा सेंमीपर्यंत हरकत नाही. टोक १२ सेंमीवर आणले तर उतरण्याच्या वेगाला तिथला रेनॉल्ड्स अंक (वेग आणि पंखाची रुंदी यांवरून हवा कशी वागेल ते सांगणारा आकडा) साठ हजारांवर येतो. अशा ठिकाणी हवा पंखाला धरून राहत नाही, आणि नेमके उतरताना एक टोक आधी स्टॉल होऊन विमान कुशीवर पडते. टोकाला दोन अंशांचा उलटा पीळ (मागची कड किंचित वर) द्यावा. खालच्या पंखाला आपल्या ट्रेनरसारखी आपोआप सावरण्याची सवय नसते, म्हणून दोन्ही बाजूंचे पंख टोकाकडे चार-चार अंश वर उचललेले ठेवावेत.

प्रतिकृतीच्या नादात शेपूट लहान राहते आणि मग विमान उगाच डोलत राहते. गुरुत्वमध्यापासून शेपटीचे अंतर ५२ सेंमी धरले, तर आडव्या शेपटीचे क्षेत्रफळ साडेचार चौ. डेसिमीटर, म्हणजे पंखाच्या अठरा टक्के तरी हवे. मूळ विमानाच्या चित्रात ते कमी भरले तर खुशाल वाढवा. हवेत कोणी मोजायला येत नाही. पहिल्या उड्डाणाला गुरुत्वमध्य सरासरी रुंदीच्या सत्तावीस टक्क्यांवर, म्हणजे त्या रुंदीच्या पुढच्या कडेपासून ५ सेंमीवर ठेवावा.

सिन्नरचा माळ

काकांच्या हिशेबाला माझी पुस्ती फक्त जमिनीपुरती. खालच्या पंखाचे विमान पोटावर उतरवायचे म्हटले तर पंखच आधी ढेकळाला लागतो, म्हणून चाके हवीतच, आणि तीही किमान ७ सेंमी व्यासाची. शेपटीला चाक असणाऱ्या विमानाची पुढची चाके गुरुत्वमध्याच्या फार जवळ बसवली, तर गवतात विमान दर वेळी नाकावर उभे राहते. आस पंखाच्या पुढच्या कडेच्या रेषेत ठेवावी. पायांची तार धडात घट्ट न रोवता प्लायच्या पट्टीवर दोन नायलॉनच्या स्क्रूंनी बसवावी. मोडायचे ते स्क्रूच मोडतात आणि खिशात जादा स्क्रू असले की दुपार वाया जात नाही.

जागेबद्दलही बोलणे आवश्यक आहे. ओझर विमानतळ, गांधीनगरची लष्करी धावपट्टी आणि देवळाली, या सगळ्यांमुळे नाशिकभोवतीचे आकाश मोकळे दिसले तरी मोकळे नसते. ड्रोन नियम, २०२१ नुसार २५ किलोपर्यंतच्या, छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्र (रचनेची सरकारी मान्यता) लागत नाही, परंतु आकाशाच्या लाल, पिवळ्या आणि हिरव्या क्षेत्रांचे (उडवण्यावर किती निर्बंध त्यानुसार आखलेल्या) बंधन त्यालाही लागू आहे. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंतच उडवता येते. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपला माळ आधी शोधावा, मगच बाल्सा आणावा. शेजारी द्राक्षबाग असेल तर तिच्या बाजूने उतरणीचा मार्ग आखू नये; मांडवाच्या तारा पन्नास मीटरवरून दिसत नाहीत. माझे एक विमान त्यांच्यावर वाळत घातल्यासारखे लटकले होते.

पाथर्डीफाटा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सुखोई बाजूला ठेवली. नकाशा पाहिला, माळ हिरव्या क्षेत्रात आहे. शेतमालकांनीही कांदा निघाल्यापासून पाऊस पडेपर्यंत वापरायला हरकत नसल्याचे सांगितले आहे. काल स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळा संच तोलला: मोटर, प्रॉप, ईएससी, सर्व्हो, रिसीव्हर आणि बॅटरी मिळून ३६० ग्रॅम भरले. म्हणजे सांगाडा, आवरण आणि चाके यांना ७४० ग्रॅम उरतात. पंख थर्माकोलचा कापून वर बाल्साचा पातळ पत्रा आणि धड पूर्ण बाल्साचे, असा विचार आहे. शेपूट ३ मिमी प्लायची केली तर मजबूत होईल का?

बाल्साकाका

मजबूत होईल, पण करू नका. एचटी-२ चे नाक आखूड आहे. शेपटीचे अंतर गुरुत्वमध्यापासून ५२ सेंमी, तर नाकात वजन ठेवायला जागा २० सेंमीवर. मागे २० ग्रॅम वाढले की पुढे ५२ ग्रॅम शिसे घालावे लागते, म्हणजे एकूण ७२ ग्रॅम फुकट गेले. मी एकदा अशीच प्लायची शेपूट केली आणि शेवटी टायरवाल्याकडून चाकांना चिकटवायच्या वजनांची पट्टी आणून काउलिंगच्या (नाकावरच्या आवरणाच्या) आत लावत बसलो होतो. शेपूट ५ मिमीच्या हलक्या बाल्साच्या काड्यांची जाळी करून फक्त फिल्मने मढवावी. एलिव्हेटर आणि रडर (शेपटीचे आडवे व उभे हलते भाग) यांचे सर्व्होही मागे न नेता पंखाच्या वरच बसवून पुशरॉडने (लांब काडीने) जोडावेत.

थर्माकोलला फेविक्विक लावू नका, ते विरघळवते. पत्रा चिकटवायला फेविकॉलही नको, कारण आत हवा पोचत नाही आणि ते आठवडाभर ओले राहते. पातळ लावलेला इपॉक्सी आणि वर रात्रभर पुस्तकांचे ओझे पुरते. ओझे ठेवण्यापूर्वी टोकाच्या मागच्या कडेखाली ५ मिमीची काडी सरकवायला विसरू नका. साडेपंधरा सेंमी रुंदीला तोच आपला दोन अंशांचा पीळ होतो, आणि एकदा इपॉक्सी धरला की तो नंतर देता येत नाही.