डेंग्यूनंतरचा अशक्तपणा आणि गुळवेल: कोणती, किती आणि किती दिवस?

मृण्मयी, चिपळूण

माझे वडील ६१ वर्षांचे असून त्यांना चार आठवड्यांपूर्वी डेंग्यू झाला होता. ताप गेला, प्लेटलेटही पूर्ववत झाल्या; परंतु अंगातले त्राण अद्याप परतलेले नाही. अंगणातून विहिरीपर्यंत जाऊन आले तरी ते ओट्यावर टेकतात, तोंडाला चव नाही आणि ताटातला भात निम्मा तसाच राहतो. त्यांना गेली बारा वर्षे मधुमेह असून मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा दोन गोळ्या चालू आहेत.

शेजारच्या काकूंनी आपल्या परसातल्या आंब्यावर चढलेल्या गुळवेलीचे हातभर लांबीचे चार तुकडे आणून दिले आणि रोज सकाळी काढा करून सहा महिने द्यावा, म्हणजे प्रतिकारशक्ती वाढून माणूस पहिल्यासारखा होईल, असे सांगितले. मामेभावाच्या मते बाटलीतला तयार रस सोयीचा, तर दुकानदार म्हणतो की सत्त्वच, म्हणजे वेलीपासून काढलेली पांढरी भुकटीच घ्या. ही वेल कडुनिंबावरचीच हवी का, ती खरी गुळवेलच आहे हे कसे ओळखावे आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना ती किती दिवस द्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वैद्य, सातारा

मृण्मयीताई, आपण देण्याआधी विचारलेत हे बरे झाले, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण चार-पाच महिने काढा पिऊन झाल्यावर विचारायला येतात.

आधी ओळखीविषयी लिहितो. गुळवेलीचे पान हृदयाच्या आकाराचे, गुळगुळीत आणि लांब देठाचे असते. जून खोडावरची साल कागदासारखी पातळ असून नखाने सहज सुटते आणि तिच्याखाली हिरवा गर दिसतो. कांड आडवे कापले की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, म्हणूनच संस्कृतात तिला ‘चक्रलक्षणिका’ असेही नाव आहे. पानांची खालची बाजू लवदार असेल, तर ती तिची बहीण, म्हणजे वेगळी जात समजावी. खोडावर बारीक पांढुरके ठिपके असणे ठीक आहे. पण सबंध खोड मोठ्या, टणक गाठींनी कारल्यासारखे खडबडीत झालेले असेल, तर ती ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही गुळवेलीच्याच कुळातली दुसरी वेल असण्याची शक्यता धरावी आणि पोटात घेऊ नये. शंका असल्यास जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयातील द्रव्यगुण (औषधी वनस्पतींच्या) विभागात पानासह तुकडा दाखवावा.

कडुनिंबावरच्या वेलीला परंपरेने पसंती दिली आहे, हे खरे. तरीही आंब्यावरची वेल निरुपयोगी ठरत नाही. अंगठ्याएवढे जाड आणि जून कांड मिळणे मला त्याहून महत्त्वाचे वाटते.

आता मुख्य मुद्दा. चरकसंहितेत गुळवेलीचा रस मेध्य (बुद्धीला हितकर) रसायनांत सांगितला आहे आणि जीर्णज्वरात, म्हणजे रेंगाळलेल्या तापात तर ती आमची नेहमीचीच आहे. परंतु रसायन म्हणजे रस, रक्त वगैरे शरीरातले धातू उत्तम होण्याचा उपाय, आणि ते धातू ज्या अग्नीवर, म्हणजे पचनशक्तीवर तयार व्हायचे तो मंद असताना वरून कितीही रसायन घातले तरी अंगी लागत नाही. आपल्या वडिलांच्या तोंडाला चव नाही आणि ताटात भात उरतो, या दोन वाक्यांतच त्यांची अवस्था कळते. पहिले काही दिवस तांदळाची पेज, मुगाचे कढण, सुंठ घातलेले ताक आणि मऊ भात, प्रत्येक घास भूक असेल तेवढाच. पेज-भाताचे प्रमाण मात्र साखर पाहून ठरवावे. ताप गेल्यावर बळ येईपर्यंत व्यायाम आणि दगदग टाळावी, असे शास्त्रच सांगते. तेव्हा विहिरीच्या फेऱ्याही तूर्त कमी कराव्यात.

भूक परतल्यावर, आणि तपासण्या ठीक असतील तरच, गुळवेल द्यावी. भारतीय आयुर्वेद औषधिकोशात कांडाच्या चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी भरड २० ते ३० ग्रॅम दिली आहे. काढा करताना भरडीच्या सोळापट पाणी घालून ते अष्टमांश उरेपर्यंत मंद आचेवर आटवतात. मुठीच्या अंदाजाने तुकडे टाकून तासभर उकळणे म्हणजे मात्रा नव्हे. मुदत दोन ते तीन आठवडे. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये कोविडसाठी जी नियमावली काढली, तिच्यातही गुडूची घन (गुळवेलीचा आटवलेला अर्क) ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा एक महिना, असाच उल्लेख होता. पुढच्या काळात लोकांनी मात्रा लक्षात ठेवली आणि मुदत तेवढी विसरली. सहा महिने हा आकडा काकूंच्या मायेतून आलेला आहे, ग्रंथातून नव्हे. पित्तासाठी गुळवेल साखरेबरोबर देण्याचा प्रघात आहे, तोही आपल्याकडे अर्थातच नको.

दत्ता, ठाणे

वैद्यबुवांनी मुदतीविषयी जे लिहिले, ते मी अनुभवाने शिकलो आहे. २०२० च्या उन्हाळ्यापासून मी रोज सकाळी उपाशीपोटी बाटलीतला गुळवेलीचा रस घेत होतो. झाकणभर सांगितला होता. मी दोन झाकणे घेई, कारण वनस्पतीने काय अपाय होणार, अशी माझी समजूत होती. सात-आठ महिन्यांनी लघवी गडद पिवळी होऊ लागली आणि अंगाला खाज सुटली. पाणी कमी पितो म्हणून असेल, असे समजून आणखी पंधरा दिवस मी रस चालूच ठेवला. शेवटी बायकोने खिडकीच्या उजेडात माझे डोळे पाहिले आणि त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवले, तेव्हा एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर (एन्झाइम), ६०० च्या वर होते.

कावीळीचे विषाणू तपासले, सोनोग्राफी झाली, सर्व काही नकारात्मक आले. डॉक्टरांनी रस बंद करायला सांगितल्यावर तीन महिन्यांत आकडे खाली आले. दोष वेलीचा, मात्रेचा की त्या बाटलीत आणखी काही होते, हे मला आजही सांगता येणार नाही, म्हणून मी कोणाचेही नाव घेत नाही. मला आधीपासून थायरॉइडचा त्रास होता, तो मात्र मी रस सुरू करताना कोणालाही सांगितला नव्हता.

औषधशास्त्राची शिक्षिका, पुणे

दत्ता यांच्यासारख्या घटनांची वैद्यकीय नोंद झालेली आहे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांमध्ये यकृताला इजा झाल्याचे आढळले आणि तो अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच यकृतावर उलटते, त्या प्रकारच्या सुजेशी या रुग्णांचे चित्र मिळतेजुळते होते. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, ती क्रिस्पा असू शकते, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये घेतला. पुढे २०२२ मध्ये देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद मांडली. कोट्यवधी लोकांनी त्या काळात गुळवेल घेतली, हे पाहता अशी इजा विरळाच म्हणावी लागेल, पण ती होऊच शकत नाही, हा दावा आता टिकणारा नाही.

यातला योगायोग मला विलक्षण वाटतो. याच मुंबईत, के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल देऊन पाहिली होती. त्या ३० रुग्णांच्या अभ्यासात गुळवेल मिळालेल्या गटाची प्रकृती शस्त्रक्रियेनंतर अधिक चांगली राहिली आणि त्यांच्या रक्तातील भक्षक पेशींची जंतू मारण्याची क्षमता सुधारली, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे प्रमाणित अर्क मोजून, वजनाच्या हिशेबाने, थोडे दिवस आणि देखरेखीखाली दिला होता. म्हणजे ही वनस्पती प्रतिकारयंत्रणेला खरोखरच हलवते. आणि म्हणूनच ज्यांची ती यंत्रणा आधीच स्वतःवर उलटलेली आहे, म्हणजे संधिवाताभ (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस), सोरायसिस, थायरॉइडचे स्वप्रतिकारी विकार असलेले लोक, किंवा मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतर ती दाबून ठेवण्याची औषधे घेणारे, यांनी स्वतःच्या मनाने तिच्या वाटेला जाऊ नये.

आपल्या वडिलांबाबत दोन गोष्टी सांगते. डेंग्यूमध्ये यकृताची एसजीओटी, एसजीपीटी ही विकरे बहुधा वाढतात आणि खाली यायला काही आठवडे घेतात, म्हणून यकृताची तपासणी केल्याशिवाय काढा सुरू करू नका. दुसरे म्हणजे गुळवेल रक्तातील साखर थोडी उतरवते आणि ग्लिमेपिराइडही तेच काम करते. त्यात त्यांचे जेवण निम्म्यावर आलेले आहे. दरदरून घाम, हातांना कंप, एकाएकी कडकडून भूक, अशी लक्षणे दिसली तर लगेच साखर मोजावी. खरे तर जेवण एवढे घटले असताना गोळीची मात्रा तीच ठेवायची का, हे काढ्याचा विषय बाजूला ठेवूनही डॉक्टरांना आजच विचारायला हवे.

भाई, सावंतवाडी

सत्त्वाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आमची आजी ते घरी करीत असे. जून कांडाची वरची साल काढायची, तुकडे पाट्यावर ठेचायचे आणि चौपट पाण्यात रात्रभर भिजत घालायचे. सकाळी हाताने खूप चोळून ते पाणी फडक्यातून गाळायचे आणि भांडे न हलवता ठेवून द्यायचे. तळाशी पांढरा साका बसतो. वरचे पाणी अलगद ओतून, पुन्हा पाणी घालून दोन-तीनदा धुतला की तो ताटात पसरून सुकवायचा. चिमटीत धरल्यावर तो किंचित करकरतो आणि जिभेवर जवळजवळ बेचव लागतो. दोन किलो कांडातून चहाचा कपसुद्धा भरत नसे, तेव्हा बाजारात स्वस्तात किलोच्या भावाने मिळणाऱ्या पांढऱ्या भुकटीत गुळवेल किती आणि मक्याचे पीठ किती, हे ज्याचे त्याने ताडावे. शिवाय हा मूळचा पिष्टच (स्टार्च) आहे. कडूपणा बहुतेक पाण्याबरोबर निघून जातो. त्यामुळे काढा आणि सत्त्व या एकच गोष्टी नव्हेत.

मृण्मयी, चिपळूण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल तपासणी केली. एसजीपीटी ९२ आले असून डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितले आहे आणि तोपर्यंत कोणताही काढा नको, असे बजावले आहे. ग्लिमेपिराइडची मात्रा त्यांनी निम्मी केली. परवा पहाटे बाबांना घाम फुटला होता, तो अशक्तपणाचा नसून साखर उतरल्याचा असावा, असे त्यांचे मत पडले. पेज आणि कढण कालपासून सुरू केले आहे आणि आज त्यांनी स्वतःहून लिंबाचे लोणचे मागितले.

वैद्यबुवा, आपण सांगितल्याप्रमाणे साल नखाने काढून पाहिली. आत हिरवा गर आहे आणि आडव्या कापात चाकही स्पष्ट दिसते. तुकडे मी पडवीतल्या खुंटीला बांधून ठेवले होते. माती नाही, पाणी नाही, तरी आठ दिवसांत त्यातल्या एकाला हिरवा कोंब आला असून दुसऱ्यापासून दोऱ्यासारखे मूळ खाली लोंबते आहे. बाबा म्हणतात, एवढी चिवट आहे तर तिला खुंटीवर कशाला ठेवता. म्हणून उद्या ते तुकडे आमच्याच आंब्याच्या बुंध्याशी लावणार आहोत.

वैद्य, सातारा

तोडली तरी रुजते म्हणून तिला ‘छिन्नरुहा’ म्हणतात. लावा, पण कांड अंगठ्याएवढे जाड व्हायला दोन-तीन पावसाळे तरी जातील. दुसऱ्या तपासणीचा अहवाल इथे अवश्य कळवा.