शब्दचर्चा : मंगोलियनचं ‘ओगोच’ आणि डॅनिशचं ‘टाक’

प्रश्न :
डेन्मार्कमधल्या आरहूसला डॅनिशच्या वर्गात माझ्या शेजारी एक मंगोलियन ताई बसतात. आम्ही दोघी रोजच्या बोलण्यातली वाक्यं एका वहीत उतरवतोय. एका रकान्यात मंगोलियन, दुसऱ्यात डॅनिश, मधल्यात माझ्यासाठी मराठी. ‘पाणी द्या’पाशीच अडलो. त्या ‘उस ओगोच’ म्हणतात. ‘उस’ म्हणजे पाणी, पण यात ‘प्लीज’ कुठे आहे? आणि डॅनिशमध्ये काय लिहायचं?

उत्तर १ :
दोन्ही भाषांत ‘प्लीज’साठी रोजचा सुटा शब्द नाही. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. ‘कृपया’ आपण रेल्वेच्या फलाटावर ऐकतो. घरात ‘जरा पाणी देता का’ नाहीतर ‘दे ना’ म्हणतो.

मंगोलियनमध्ये सगळा आर्जव क्रियापदाच्या शेपटात असतो. नुसतं ‘ओग’ म्हणजे ‘दे’, सरळ हुकूम. ‘ओगोच’ म्हणजे ‘दे ना’, आत्ता हवंय. ‘ओगोरेइ’ म्हणजे ‘द्या हं’, सवडीने चालेल. ‘ओग्नो ऊ’ म्हणजे ‘द्याल का’, हे जास्त औपचारिक. शब्दातल्या स्वरांप्रमाणे शेपटाचे स्वर बदलतात, म्हणून ‘जा’चं ‘यावाराइ’ होतं आणि ‘या’चं ‘इरेरेइ’. वहीत हे प्रत्यय वेगळ्या पानावर लिहून ठेवा, पुढे फार कामाला येतील.

डॅनिशमध्ये ‘एट ग्लास व्हॅन, टाक’ म्हणा. ‘टाक’ म्हणजे आभार, ते मागतानाच देऊन टाकायचे. पण उलट भाषांतर करताना या ‘टाक’साठी मंगोलियन ‘बायरलला’ (आभारी आहे) लिहू नका. ते काम ‘ओगोच’ने आधीच केलेलं असतं. डॅनिश लोक जेवण झाल्यावर ‘टाक फॉर मॅद’ म्हणतात, मागच्या भेटीबद्दल ‘टाक फॉर सिस्ट’ म्हणतात. प्रत्येक ठिकाणी ‘बायरलला’ घातलं तर मंगोलियन घरात ते फार औपचारिक वाटेल, जसं चहा दिल्यावर आपण आईला ‘धन्यवाद’ म्हणावं तसं. ‘टाक फॉर सिस्ट’ला तर मी शब्दशः हातच लावणार नाही. पुन्हा भेटल्यावर मंगोलियन माणूस ‘सोनिन साइखन यू बाइन?’ (काय नवीन, काय छान?) विचारतो. भेटीचा धागा जोडायचं काम तेच करतं, तेच लिहा.

उत्तर २ :
‘तू-तुम्ही’कडेही लक्ष असू द्या. मंगोलियनमध्ये ‘ची’ म्हणजे तू आणि ‘ता’ म्हणजे तुम्ही, आणि आईलासुद्धा ‘ता’च. तुमचा मराठी रकाना इथे फसवेल, कारण आपण आईला ‘तू’ म्हणतो. डॅनिशमध्ये आदरार्थी ‘दी’ १९७०च्या सुमारास मागे पडलं. राजघराण्यातल्या माणसांशी बोलताना ते अजून वापरतात, एरवी सगळ्यांना ‘दू’. म्हणून ‘ता’चं ‘दी’ करू नका, ऐकणाऱ्याला तुटक वाटेल. डॅनिशमधून मंगोलियनकडे जाताना मात्र समोरच्याचं वय विचारल्याशिवाय वाक्य पुरं करता येत नाही.

प्रश्न (पुढे) :
हे खूप उपयोगी पडलं! अजून एक. त्या ताई म्हणतात, गावाकडे गेर म्हणजे तंबूच्या घरापाशी गेल्यावर ‘नोखोइ खोर!’ असं ओरडतात. अर्थ ‘कुत्रं धरा’. डॅनिशमध्ये ‘होल हुनेन’ लिहू का?

उत्तर १ :
नको. ते कुत्र्याच्या मालकावर डाफरल्यासारखं होईल. मंगोलियन माणूस कुत्रं नसलं तरी हे म्हणतो, कारण गेरचं दार वाजवायची पद्धत नाही आणि पाहुणा आल्याची वर्दी अशीच देतात. डॅनिश रकान्यात ‘एर देर नोन येमे?’ लिहा, मराठीत ‘आहे का कुणी घरात?’ आणि कुत्र्याची गोष्ट खाली टीप म्हणून जरूर द्या, ती गाळू नका.